शनिवारी बोका आजारी, भिंतीला ओल: आधी काय करायचं?

आमचं घर नाशिकच्या सिडकोतलं, जुन्या बांधकामाचं, भिंतीत अजून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप. घरात मांजरं कायमच. त्यामुळे पाइप फुटणं आणि मांजर आजारी पडणं हे दोन्ही माझ्या वाट्याला बऱ्याचदा आलंय, आणि निम्म्या वेळा एकाच शनिवारी. अशा वेळी लोक सल्ले देतात. ‘आधी प्लंबर गाठ, रविवारी कोणी मिळत नाही.’ ‘मांजर ना, होईल आपोआप बरं.’ दोन्ही सल्ले उलटे आहेत. व्हॉल्व्ह बंद केला की भिंत सोमवारपर्यंत निमूट थांबते. मांजर थांबत नाही.

१. पाणी तोडा

आधी दोन बादल्या आणि पिंप भरून घ्या. ‘शनिवारी पाणीपुरवठा बंद, रविवारी कमी दाबाने’ ही बातमी नाशिककरांना काही नवी नाही. मग गच्चीवर जाऊन टाकीखालचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. आडव्या दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपला काटकोनात आली की बंद झाला. जुना चाकाचा गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. त्याच्यावर पान्हा घालून जोर करू नका, दांडा तुटला तर अख्खी टाकी तुमच्या नावावर रिकामी होईल. थोडं पुढे, थोडं मागे, असं हलवत हलवत फिरवा. ओल स्विचबोर्डाजवळ असेल तर तिथला एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) पाडा आणि गीझरला हात लावू नका.

भिंतीचं काम इथे संपलं. आता प्राण्याकडे.

२. दवाखाना आज की उद्या, हे ठरवा

काही गोष्टींत थांबायचंच नसतं. बोका सारखा लघवीसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय आणि लघवीचा थेंब नाही, तर रात्र असो की पाऊस, निघायचं. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, आणि लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधत बसतात. तोंड उघडून श्वास घेणं, हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसणं, घोटभर पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तरी हाच नियम. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. झोपलेलं असताना पंधरा सेकंद छातीची हालचाल मोजा आणि चारने गुणा. उत्तर तिसाच्या आत हवं. हे आकडे फोनवर सांगितले की डॉक्टरही लगेच मुद्द्यावर येतात.

मांजराने पूर्ण दिवस काही खाल्लं नसेल तर ‘उपास घडला, बरंच झालं’ म्हणू नका. माणसाचं ठीक आहे. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते, आणि मूळ आजारापेक्षा तेच महागात पडतं.

घरातली औषधं कपाटातच राहू द्या. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. कुत्र्याचं गोचीड मारायचं औषधही मांजराला लावायचं नाही, त्यात बऱ्याचदा असतं ते परमेथ्रिन त्याला विष आहे.

आणि निघायचं असेल तर सकाळी लवकर निघा. पावसाळी रविवारी दहानंतर गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या धबधब्याला निघालेल्या गाड्यांची रांग लागते, द्वारका चौकाचं तर बोलायलाच नको. पिंजऱ्यात ओरडणारं मांजर घेऊन सिग्नलला उभं राहण्याची शिक्षा मी भोगलेली आहे.

३. एक खोली, एक दार, एक चिठ्ठी

प्लंबर मिस्त्री रविवारी मिळालाच, तर त्याने बेल वाजवायच्या आधी मांजर एका खोलीत बंद झालेलं हवं. सोबत ट्रे, पाणी, एक खोका आणि तुमची न धुतलेली चादर. दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा आणि वर कडी घाला, कारण चिठ्ठी कोणी वाचत नाही. माझ्याकडे एकदा मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा बादली शोधायला दार उघडून आत गेला आणि आजारी बंड्या त्याच्या पायांमधून निसटून डक्टमध्ये, पाइपांच्या उभ्या पोकळीत, शिरला. दोन तास लागले काढायला.

४. गोळी

आता खरी गोष्ट. बाकी सगळं कोणीही करतं, अडतं ते इथेच.

पहिल्या वेळी मी पाच दिवसांचा कोर्स ‘पूर्ण’ केला. सहाव्या दिवशी दिवाणाखाली झाडू घातला तर तीन गोळ्या बाहेर आल्या, अर्धवट विरघळलेल्या, केस चिकटलेल्या. बंड्या गोळी गालात धरून ठेवायचा, मी पाठ फिरवली की दिवाणाखाली जाऊन थुंकायचा. मी त्याला शाबासकी देत होते आणि तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

त्याआधी मी सगळे मूर्खपणाचे उपाय करून झाले होते. दुधात कालवली, तर दूध तसंच राहिलं. तशीही बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळीचं शोषण दुधातल्या कॅल्शियममुळे घटतं. मग भुकटी करून चिकनमध्ये घातली. भुकटी कडू लागते, तोंडाला फेस येतो, आपल्याला वाटतं विषबाधा झाली. त्यानंतर आठवडाभर मांजर त्या चिकनकडे संशयाने बघतं. शिवाय काही गोळ्या कुटायच्याच नसतात. डॉक्टरांनी ‘कुटा’ म्हटलं असेल तरच कुटा.

आता मी करते ते असं. जमिनीवर मांडी घालून बसायचं, मांजर मांडीत, त्याची पाठ आपल्या पोटाला. समोरासमोर बसून गोळी देणारे लोक मी पाहिलेत, त्यांचे हातही पाहिलेत. जाड टॉवेलमध्ये सुरळीच्या वडीसारखं गुंडाळायचं, पुढचे पाय आत, फक्त डोकं बाहेर. मानेला सैल नको. सैल राहिलं की एक पंजा बाहेर येतो, आणि एक पंजा पुरतो. मानेची कातडी पकडून उचलू मात्र नका. आजारी जनावर त्याने आणखी घाबरतं.

गोळीला बोटाने तुपाचा हलका हात लावा. डाव्या हाताने डोकं वरून धरा, अंगठा एका गालाच्या हाडावर, मधलं बोट दुसऱ्या. नाक छताकडे वळवा. मान मागे गेली की खालचा जबडा आपोआप थोडा सैलावतो, ही खूण लक्षात ठेवा. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत गोळी आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाने पुढच्या बारीक दातांवर खाली दाबायचं. सुळ्यांवर नाही, दोन सुळ्यांच्या मधल्या त्या तांदळाएवढ्या दातांवर. तोंड उघडलं की जिभेच्या मागे, अगदी मध्यावर गोळी टाका. ‘ठेवा’ नाही म्हणत, टाका. जिभेच्या टोकावर ठेवलेली गोळी परत येणारच.

तोंड मिटा, नाक सरळ करा, गळ्यावरून बोट फिरवा. जीभ बाहेर येऊन नाक चाटलं की गोळी गेली. नाक चाटेपर्यंत सोडायचं नाही. बंड्याच्या त्या तीन गोळ्यांचा धडा एवढाच होता.

अजून संपलं नाही, आणि हा भाग बहुतेक लोक गाळतात. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन असेल तर ती तिथे भाजल्यासारखी जखम करते आणि पुढे नळी आवळून जाते. म्हणून सुई काढलेल्या सिरिंजने पाच मिली पाणी लगेच पाजा. सुळ्याच्या मागे जी मोकळी फट असते तिथून, गालाच्या बाजूने, अर्धा-अर्धा मिली, गिळायला वेळ देत. समोरून घशात पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जाईल.

तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा. चौथ्या प्रयत्नात माणूस चिडतो आणि चावा बसतो. बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा (भरलेली बादली इथे कामी येते) आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडे जा. मांजराचा दात बारीक असतो, जखम दिसत नाही, पण आत खोल जाते.

गोळी तोडफोडीच्या निदान तासभर आधी द्या. छिन्नीचा पहिला घाव पडल्यावर मांजर पलंगाखालच्या शेवटच्या कोपऱ्यात जातं, आणि तिथून ओढून काढलेल्या मांजराला गोळी देणं मलाही जमलेलं नाही.

५. खाणं

उकडलेलं चिकन, कोमट, वासाचं. मीठ, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

६. आता मिस्त्री

रविवारी नाशिकचा मिस्त्री मिसळ खाल्ल्याशिवाय येत नाही, तेव्हा ‘नऊ वाजता’ म्हणजे साडेदहा धरा. ‘ताई, सगळी भिंत उकलावी लागेल’ म्हणाला तर आधी ओलीच्या वरच्या टोकाला एकच टाइल फोडायला सांगा. पाणी खाली उतरतं, त्यामुळे गळती बहुधा डागाच्या वर असते. गंजलेला तुकडा कापून सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाइप घातला की जीआयला जोडताना पितळी आट्यांचा जोड आणि टेफ्लॉन टेप आहे ना, हे स्वतः बघा. पाइप चिकटवायच्या सॉल्वंटचा वास जाईपर्यंत खिडकी उघडी आणि मांजराच्या खोलीचं दार बंद.

माझा हट्ट एकच. रविवारी संध्याकाळी प्लास्टर करू द्यायचं नाही. मिस्त्री कुरकुर करेल, ‘परत यावं लागेल’ म्हणेल. येऊ दे. जोड सुकला की व्हॉल्व्ह उघडा आणि भिंत रात्रभर उघडी ठेवून जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद लावा. एका खेपेला मी भिडेखातर लगेच लिंपून घेतलं आणि गुरुवारी तीच भिंत पुन्हा घामेजली.

७. पुसणं

फिनाइल नाही. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक मांजराच्या घरात वापरू नका. पंजाला लागतं, ते चाटतं, त्यातलं फिनॉल त्याच्या यकृताला पचत नाही. साबणाचं पाणी पुरतं. ओल्या सिमेंटवरही पाऊल पडू देऊ नका, पंज्यांची कातडी भाजते.

सोमवारी सकाळी आधी श्वास मोजा, मग गोळी, मग बाथरूममधला कागद बघा. कागद कोरडा असेल तर मिस्त्रीला फोन करा आणि तुमच्या रंगाची टाइल आता बाजारात येत नाही हे ऐकायची तयारी ठेवा. आमच्या बाथरूममध्ये निळ्या भिंतीवर चार पांढऱ्या टाइल आहेत.