सायनसच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना काय विचारावे

सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची, दुर्बिणीद्वारे होणारी शस्त्रक्रिया सहसा तातडीची नसते. म्हणून स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे उपचार पुरेसा काळ करून झाले आहेत का, हे आधी विचारावे. नंतर सीटी स्कॅनमध्ये कोणते सायनस बंद आहेत आणि नाकाचा पडदा वाकडा आहे का, हे डॉक्टरांकडून बोट ठेवून दाखवून घ्यावे. पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तरावरील मऊ गाठी, असल्यास ते पुन्हा वाढू शकतात व फवारा पुढेही चालू ठेवावा लागतो, हे अनेकांना उशिरा कळते.

डोळ्याची खोबण आणि मेंदूचे आवरण सायनसपासून केवळ पातळ हाडाने वेगळे असल्यामुळे, इजा क्वचितच होत असली तरी, धोक्यांविषयी स्पष्ट विचारावे. ‘काही होत नाही हो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. दमा, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती न विसरता द्यावी. गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनीच ठरवावे.

घरी आल्यावर नाक किती दिवस शिंकरायचे नाही, तसेच रक्तस्राव, नाकातून पाण्यासारखा स्राव किंवा अंधुक दिसणे यांपैकी काही झाल्यास रात्री कोणाला फोन करायचा, हे लिहून घ्यावे.