नगर परिषदेला सॉफ्टवेअर विकायचंय? आधी कागद नीट लावा

दर्यापूर, पुसद किंवा वरोऱ्यातली तीन-चार जणांची सॉफ्टवेअर कंपनी नगर परिषदेच्या घरपट्टीचं काम आरामात करू शकते. घोडं अडतं ते कागदात.

पहिली उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंदणी. ती आधार आणि पॅनवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका. व्यवसायाचा कोड 62 च्या गटातला, 'सेवा' म्हणून निवडा. संगणकही विकता म्हणून नुसता 'व्यापार' नोंदवला, तर बयाणा रकमेची (निविदेसोबत भरायच्या अनामतीची) सूट जाते. तशीही ही सूट केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणातली. वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) सारख्या केंद्रीय उपक्रमाला ती बंधनकारक आहे. नगर परिषदेकडे मात्र निविदेतच लिहिली असेल तर धरा, नाहीतर बयाणा भरा.

जेम (केंद्राचं खरेदी पोर्टल) आणि महाटेंडर्स (राज्याचं निविदा पोर्टल), दोन्हीकडे नोंदणी ठेवा. डिजिटल सही क्लास 3 ची, सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली लागते.

निविदा हाती आली की खरं काम निविदापूर्व बैठकीत असतं, आणि तिथे छोटे पुरवठादार जातच नाहीत. जा, आणि प्रश्न लेखी द्या. होस्टिंगचा खर्च कोणाचा? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या तपासनीसांकडून सुरक्षा तपासणी कोण करून घेणार? पहिल्या वर्षानंतरच्या देखभालीचा दर कुठल्या ओळीत भरायचा? ओळच नसेल तर पुढली कित्येक वर्षं लेखापालांचे फोन तुम्ही फुकटात उचलणार.

सगळ्यात मोठा प्रश्न जुन्या डेटाचा. तो एक्सेलमध्ये आहे असं सांगतात, पण फाइल उघडली की कृतीदेव हा युनिकोडच्या आधीचा जुना फॉन्ट निघतो. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर इथेच चुकतो, आणि 'वर्मा', 'किसन' अशी नावं बिघडली की मागणी बिलं परत येतात. म्हणून शंभर नमुना नोंदी आधी मागा, रफार-वेलांटीची नावं वेगळी काढून तपासा, मगच दर ठरवा. आजोबांच्या नावावरची घरं, एकाच मालमत्तेला दोन क्रमांक, हे निस्तरायचं काम नगर परिषदेचं की तुमचं, तेही लेखी घ्या.

भरताना दराची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवलेलीच वापरा. नावसुद्धा बदलू नका, पोर्टल ती घेत नाही. कागद चढवले म्हणजे निविदा गेली असं नाही. शेवटी 'फ्रीझ' दाबून पावती निघायला हवी. घड्याळ सर्व्हरचं चालतं, आणि आपल्याकडे दुपारी लाइन कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा आदल्या दिवशीच भरा.

आता पैसे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी 2006 च्या कायद्यात बिल चुकतं करायला 45 दिवसांची कमाल मुदत आहे. माल किंवा सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असंच कायदा मानतो. पण 'दिल्याची' तारीख सिद्ध कशी करणार? मुख्याधिकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, ते 'ओके' म्हणाले, याच्या भरवशावर राहू नका. सुपूर्द पत्र दोन प्रतींत करा, त्यात आवृत्ती, तारीख आणि प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या सह्या असू द्या. आवक विभागात एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. बिल त्याच पत्राच्या संदर्भाने लावा, आणि मार्च एंडिंगच्या गर्दीआधी लावा.

करार अडीच लाखांच्या वर असेल तर 2 टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे बिलातूनच होणारी कर कपात, कापला जातो. काम 4,00,000 चं, त्यावर 18 टक्क्यांनी 72,000 जीएसटी. कपात मूळ रकमेवर, म्हणजे 8,000. ती जीएसटी पोर्टलवर तुम्ही स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरला (तुमच्या तिथल्या रोख खात्याला) येत नाही. इथे बरेच जण विसरतात. आयकराची कपात वेगळी.

45 दिवस उलटले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. आधी व्याजाचा आकडा घालून स्मरणपत्र द्या. पुष्कळदा त्यानेच फाइल हलते. नाही हलली, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. सोबत कार्यादेश, बिल, शिक्क्याचं सुपूर्द पत्र आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. त्या प्रमाणपत्रावरची तारीख कार्यादेशाच्या आधीची हवी, नाहीतर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.