बाहेरच्या उद्योजकाला इथली माणसं जोडून देताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात एक गोष्ट वारंवार घडते. बाहेरची कंपनी पाहणीला येते, जागा घेते, कारखानाही उभा राहतो. पण तिची जिग-फिक्स्चर (काम करताना सुटा भाग पक्का धरून ठेवणारी साधनं) पुण्याहून येतात, पॅकिंगची खोकी चाकणहून येतात आणि देखभालीचा ठेकेदार तिसऱ्याच गावचा असतो. इथल्याच वाळूज आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत ही सगळी कामं चोख करणारे कारखानदार बसलेले असतात, पण त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलेलं नसतं. 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मशीनिंग, प्रेस-पार्ट, डाय-कास्टिंग, प्लेटिंग यांचं कसब या मातीत मुरलं आहे. ते नव्या पाहुण्याला दिसत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. दाखवणारे आपण आहोत.

शेंद्रा आणि बिडकीन मिळून ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीचा पसारा सुमारे 10 हजार एकरांचा आहे. शेंद्र्यात कोरियाची ह्योसंग आली, बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने 2024 मध्ये राज्य सरकारशी करार केला आणि जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला. पाहुणे वाढणारच आहेत. सीएमआयए आणि मसिआसारख्या इथल्या उद्योजकांच्या संघटना, सीए, सल्लागार, जुने कारखानदार असे सगळेच ओळखी करून देतात. त्यात नेमकं घोडं कुठे पेंड खातं, ते पाहू.

सत्कार होतो, कामाची भेट राहून जाते

शाल, श्रीफळ, फोटो, जेवण, जमल्यास वेरूळ. पाहुणचार करावाच, पण दौऱ्यातला मोठा वेळ त्यातच गेला तर हाती काही लागत नाही. कंपनीचा संचालक जागेचा निर्णय घेतो, पण कुठला सुटा भाग कुणाकडून घ्यायचा हे पर्चेस आणि क्वालिटीवाले ठरवतात. ती माणसं पहिल्या दौऱ्यात बहुधा नसतात. त्यांची नावं मागून घ्या आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवा.

त्या दिवशी सभागृहात सादरीकरण ठेवू नका, थेट शॉपफ्लोअरवर न्या. अनुभवी क्वालिटीवाला ऑफिसातल्या पुरस्कारांकडे बघत नाही. तो गेजवरचं (मोजमापाच्या साधनावरचं) कॅलिब्रेशनचं, म्हणजे अचूकता तपासल्याचं लेबल उलटून तारीख वाचतो, लाल पेटीत पडलेले नापास नग हातात घेतो आणि मशीनवरच्या मुलाला विचारतो, ‘हा नग का काढला?’ त्या मुलाने नीट सांगितलं की अर्धी लढाई जिंकली. म्हणून मालकाला आधीच बजावून ठेवा की पाहुण्याच्या प्रश्नांना मशीनवरच्या माणसाला बोलू द्या.

नंबर दिला म्हणजे ओळख करून दिली, असं समजणं

‘सर, हे आपल्या ओळखीचे आहेत, सहकार्य करावे,’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश दोघांनाही अवघडून टाकतो. समोरच्याने नक्की काय करायचं? त्याऐवजी असं लिहा:

‘नमस्कार. ही कंपनी शेंद्र्यात पंपांची जुळणी सुरू करते आहे. त्यांना अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचं मशीनिंग हवं आहे, सुरुवातीला महिन्याला थोडेच नग, पुढे वाढ. ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारानंतर देतील. तुमच्याकडे मशीन मोकळं असेल तरच होकार कळवा. मंगळवारपर्यंत कळलं तर गुरुवारी ते कारखाना बघायला येतील.’

काम काय, किती, कधी आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक, हे चारही यात आलं. असा संदेश लिहायचा तर पाहुण्याकडून गरजांची यादी आधी मिळवावी लागते. ती मिळाल्याशिवाय कुणालाही फोन करू नये.

आपल्याच गोतावळ्यात फिरवणं

भाच्याचं फॅब्रिकेशन, मित्राची ट्रान्सपोर्ट कंपनी, साडूचं कँटीन. त्यातला एखादा खरंच चांगला असेलही, पण तिन्ही ठिकाणी आपलाच माणूस निघाला की पाहुणा मनातल्या मनात दार लावून घेतो. प्रत्येक कामासाठी किमान तीन नावं द्या. त्यातलं कोण आपल्या नात्यातलं आहे, आपल्याला त्यात कमिशन आहे का, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर पुढची सगळी नावं संशयात जातात. आणि जिल्ह्याच्या हद्दीवर थांबू नका. स्टील लागत असेल तर जालना शेजारीच आहे.

पाण्याचा विषय टाळणं

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हे पाहुण्याला हॉटेलातला वेटरही सांगतो. आपण मात्र ‘काही अडचण नाही’ म्हणतो आणि तिथेच विश्वास जातो. खरी माहिती द्यावी. उद्योगांचा पुरवठा शहराच्या नळयोजनेपेक्षा वेगळा आहे, पण दोन्हींचा आधार जायकवाडीच आहे. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीसह उद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. त्या उन्हाळ्यात कारखाना चालवलेल्या एखाद्या जुन्या मालकाशी पाहुण्याची भेट घालून द्या. पुनर्वापर कसा केला, टँकर कुठून आणले, उत्पादन कितपत बसलं, हे त्याच्या तोंडून ऐकलेला गुंतवणूकदार घाबरत नाही, तयारीने येतो.

जमिनीबाबतही तसंच. ऑरिक किंवा एमआयडीसीतला भूखंड ही एक गोष्ट, रस्त्याकडेची शेतजमीन ही पूर्ण वेगळी. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट कायदा, 1950 लागू आहे, हे मुंबईच्या वकिलालाही पटकन आठवत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, इनामाची नोंद असेल, तर हस्तांतरणाला परवानगीचा प्रश्न येतो. एजंटाची गाठ घालून देण्याआधी इथल्या महसुली कामाचा वकील गाठून द्या.

सगळं नीट केलं, तरी ऑर्डर हलत नसेल तर

आधी मंजुरीसाठी दिलेला नमुना-नग कुठे अडकलाय ते विचारा. पुष्कळदा नग पास झालेला असतो, पण व्हेंडर कोड (कंपनीच्या यादीतला पुरवठादाराचा क्रमांक) तयार होत नाही, कारण उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या नोंदणीचं) किंवा एखादा चाचणी अहवाल जोडायचा राहिलेला असतो. हे काम एका दुपारचं आहे, पण कुणी लक्ष घातलं नाही तर महिने जातात.

नमुना आणि कागद दोन्ही ठीक असतील, तर अडचण बहुतेक पैशांची असते. मोठी कंपनी 90 दिवसांची मुदत मागते आणि छोट्याचं खेळतं भांडवल तेवढं ताणत नाही. एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर 15 दिवसांत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. हे बोलणं ऑर्डरच्या आधी, खरेदीदाराच्या वित्त विभागाशी करून ठेवा.

पहिलं बिल गेल्यावर दोन महिन्यांनी दोघांनाही फोन करा, पण वेगवेगळा. एकत्र कॉलवर लघुउद्योजक थकबाकीचा विषय काढत नाही.