टाकी भरली की ओरडणारी आठ पायांची चिप

घरी मोटर लावली की कोणालातरी टाकीकडे लक्ष ठेवावं लागतं, विसरलं की गच्चीवर धबधबा सुरू. बाजारात तयार अलार्म मिळतात, पण हे काम एटीटाइनी 85 या प्रोग्राम करता येणाऱ्या इवल्याशा चिपवर मस्त होतं. हिला 8 पाय, प्रोग्रामसाठी 8 केबी जागा आणि रॅम फक्त 512 बाइट, आणि खरं सांगू का, टाकीसाठी एवढंही जास्तच आहे. लोक एवढ्याशा कामाला वायफायवाला बोर्ड लावतात आणि मग चार्जिंगच्या मागे पळतात, ते मला अजिबात पटत नाही.

चिप पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळेल, फक्त मागताना डीआयपी पॅकेज (लांब पायांचा प्रकार) मागा म्हणजे ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर, बसते. हिच्याहून बारीक एटीटाइनी 10 आहे, सहा पायांची, जेमतेम 3 मिलिमीटर लांब, पण पहिल्याच वेळी ती हातानं सोल्डर करायला जाऊ नका. आणि जमलं तर 85 व्ही घ्या, ती 1.8 व्होल्टपर्यंत चालते, म्हणजे दोन पेन्सिल सेल पार संपत आले तरी काम करते.

प्रोग्राम टाकायला आर्डुइनो उनो हा शिकाऊ लोकांचा बोर्ड पुरतो. त्यात आधी आर्डुइनो ॲज आयएसपी हे स्केच (उनोला प्रोग्रामर बनवणारा तयार प्रोग्राम) टाका, मग उनोची 10 नंबरची पिन चिपच्या पाय 1 ला, 11 पाय 5 ला, 12 पाय 6 ला, 13 पाय 7 ला, 5 व्होल्ट पाय 8 ला आणि ग्राउंड पाय 4 ला. उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, प्लस बाजू रीसेटकडे. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये एटीटाइनीकोअर (या चिपांसाठीची जोड) इन्स्टॉल करून घड्याळासाठी 1 मेगाहर्ट्झ इंटर्नल निवडा, बीओडी (व्होल्टेज घसरलं की चिप थांबवणारी सोय) बंद ठेवा आणि एकदा बर्न बूटलोडर करा, त्यानं इथे सेटिंगच बदलतं, घाबरू नका. रीसेटचा पाय साधा पिन म्हणून वापरायचा पर्याय दिसेल त्याला मात्र हात लावू नका, नंतर उनोवरून प्रोग्राम जाणार नाही, 12 व्होल्टवाला वेगळा प्रोग्रामर लागेल. आणि उनो जोडलेला असताना सेल काढून ठेवा.

आता सर्किट, उनोच्या 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागी दोन सेल. पाय 2 पासून 100 किलोओहमचा रेझिस्टर पाय 3 ला, पाय 3 वरून वायर टाकीतल्या एका स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूला, दुसरा स्क्रू ग्राउंडला, दोघांत एक सेंटीमीटर अंतर. स्क्रू ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली चार बोटं बसवा. पाय 6 आणि ग्राउंडमध्ये पिझो डिस्क, म्हणजे आवाज करणारी चकती.

खरी गंमत कोडमध्ये आहे. स्क्रूंना सतत व्होल्टेज दिलं की पाण्यात इलेक्ट्रोलिसिस होतं आणि ते खराब होत जातात, म्हणून पाय 2 फक्त वाचण्यापुरता हाय (व्होल्टेज चालू) करायचा, दहा मिलिसेकंद थांबायचं, पाय 3 वाचायचा आणि पाय 2 लगेच लो (व्होल्टेज बंद). पाय 3 लो वाचला तर पाणी पोचलं, वाजवा. बाकी वेळ चिप झोपलेली, वॉचडॉग टायमर हा तिच्यातलाच गजर दर 8 सेकंदांनी उठवतो, त्याहून मोठी झोप तो एका दमात देत नाही पण टाकीला चालतं. झोपायच्या आधी एडीसी (चिपमधला व्होल्टेज मोजणारा भाग) बंद करायला विसरू नका, नाहीतर तो झोपेतही शेकडो मायक्रोअँपिअर खात बसतो, बंद केला की सगळं मिळून पाच-सहा मायक्रोअँपिअरवर येतं आणि सेल वर्षानुवर्षं जातात.

बोअरचं पाणी असेल तर स्क्रूवर क्षार चढतो, मधूनमधून लिंबानं घासा. चिपचं घड्याळ दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, त्यामुळे वेळ दाखवायचं काम हिला देऊ नका. आणि या सर्किटवरून थेट 230 व्होल्टची मोटर बंद करायचा विचार नको, ते हवंच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून स्टार्टरसोबत करून घ्या.

हाच सांगाडा फ्रिजचं दार उघडं राहिल्यावर वाजायलाही चालतो, स्क्रूंच्या जागी दार लागलं की उघडणारा आणि दार उघडलं की जोडला जाणारा स्विच लावा आणि लागोपाठ चारदा लो आलं तरच वाजवा, म्हणजे दूध काढताना उगाच ओरडणार नाही.