एका इंजिनावर दोन गाड्या: टो-बारने जोडून नेताना

लांबच्या प्रवासात दोन्ही गाड्या न्यायच्याच असतील, तर मागची बंद ठेवून टो-बारने, म्हणजे कडक लोखंडी दांड्याने, पुढचीला जोडली की एका इंजिनाचं इंधन वाचतं. पुढची जास्त पिते खरी, पण मागची तिच्या आडोशात राहते आणि वारा कमी कापते. एका गाडीत भागत असेल तर मात्र जोडण्यात शुद्ध तोटा. शिवाय हे सगळीकडे चालत नाही, नियम आधी बघा.

मग मागच्या गाडीचं माहितीपुस्तक उघडा. चारही चाकांवर ओढायला परवानगी लिहिलेली नसेल, तर विषय संपला. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासून जळतात; न्यूट्रलमध्ये टाकूनही हे टळत नाही. अशी गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढची चाकं डॉलीवर (दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर) उचला, नाहीतर अख्खी गाडी ट्रेलरवर चढवा.

वजनाचा हिशोब सोपा: हिच (पुढच्या गाडीच्या मागे बार अडकवायचा जोड), बार, साखळ्या आणि पुढच्या गाडीची ओढक्षमता यांतला सर्वांत लहान आकडा तुमची मर्यादा. मागची गाडी सामानासकट त्यात बसली पाहिजे.

जोडणी सपाट जागेवर, चाकांना उटी (अडसर) लावून करा. बार बंपरला नाही, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्क्या बसवलेल्या ब्रॅकेटला लावायचा. दोन्ही टोकांच्या उंचीत ७-८ सेंमीहून जास्त फरक नको. जोरात ब्रेक लागला की तिरका बार मागच्या गाडीला वर किंवा खाली ढकलतो. दोन साखळ्या बारखालून एकमेकींना छेदून घ्या, म्हणजे बार निसटला तरी त्याचं टोक रस्त्यात रुतत नाही. ढील वळणापुरतीच. दोर वापरायचा विचारही नको, ब्रेक दाबताच मागची येऊन आदळेल.

मागच्या गाडीचे दिवे पुढचीशी जोडा. किल्ली स्टिअरिंग मोकळं राहील अशी, गिअर न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक सोडा आणि मगच उटी काढा. इंजिन बंद असल्यामुळे ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, तेव्हा मागच्या गाडीसाठी वेगळी ब्रेकयंत्रणा हवीच, आणि जोड तुटल्यास ती आपोआप लावणारी तारही.

१०-१५ किमीवर थांबून पिना बघा, प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एखादं जास्त तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक धरतोय. वेग १०० ऐवजी ८० ठेवला तर हवेचा रोध सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. खरी बचत इथेच आहे.

रिव्हर्स अजिबात नाही: मागच्या गाडीची पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि बार वाकतो. पंपावर शिरतानाच सरळ बाहेर पडता येईल अशी रांग निवडा. अडकलात तर गाड्या सोडवूनच मागे घ्या.