मोकळीक पाह्यजे का हुकूम चालवायचाय? खुर्चीत बसायच्या आधी हे करून पहा

हे सगळं मी शिकलो कूलरवरून. आमची अपार्टमेंट मनीष नगरकडे, चार मजले, १६ फ्लॅट, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची, म्हणजे सोसायटी नाही पण कमिटी आहेच, आणि त्या कमिटीनं एका एप्रिलात नोटीस लावली का खिडकीबाहेर कूलरचं स्टँड लावायचं नाही, खाली पार्किंगमधे पाणी पडते. आता मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जाते आन तुम्ही म्हणता कूलर नको? मी इतका पेटलो का पुढच्या मीटिंगमधे स्वतःच अध्यक्ष झालो. कूलर लावला. आणि तीन महिन्यांत मीच लोकांच्या चपलांच्या रॅकवर, कुंड्यांवर, रात्री ११ नंतर येणाऱ्या पोरांवर नोटिसा काढून राह्यलो होतो. बायको म्हणाली, तुम्हाले कूलर पाह्यजे होता ना, मग हे काय लावलंय?

याचं उत्तर सापडायला मला वर्ष लागलं. तुमचं अर्ध्या तासात होईल, वही पेन घ्या.

पहिले एक वाक्य लिहा. तुम्हाला ते पद, प्रमोशन, ग्रुपची अ‍ॅडमिनगिरी, जे काय असेल ते कशासाठी पाह्यजे? मग त्या वाक्यात करणारा कोण आहे ते पहा. "मला माझ्या खिडकीत कूलर लावू द्या", "मला शनिवारी घरी राहू द्या", "मला आर्ट्सला जाऊ द्या", ही झाली मोकळीक. "त्यांनी रॅक बाहेर ठेवू नये", "ज्युनियरनं मला विचारल्याशिवाय मेल टाकू नये", हा झाला हुकूम. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्या एकदा या नजरेनं वाचून पहा, प्रत्येकीत बोलणारा "मी" आहे, मी मानणार नाही, मी करणार नाही, मी प्रयत्न करीन. पिढ्यानपिढ्या ज्यांनी सोसलं त्यांनी एकाही ओळीत "आता त्यांनी आमचं ऐकावं" असं म्हटलं नाही. कूलर कुठं आन दीक्षाभूमी कुठं, माहीत आहे मला, पण माझ्या सगळ्या नोटिसा काढून पाह्यल्या तर त्यात "मी" एकदाही नव्हता, तेव्हा जरा लाज वाटली.

काही वाक्यं फसवी असतात बरं. "मला फक्त शांतता पाह्यजे" हे ऐकायला किती साधं वाटते. त्याला विचारा, म्हणजे कोणी काय करायचं? उत्तर जर "पोरांनी खाली क्रिकेट खेळू नये" असं आलं तर शांततेच्या पोटातून हुकूमच निघाला.

दुसरी चाचणी अजून सोपी आहे. समजा ते पद मिळालं, पगार, वेळ, केबिन सगळं मिळालं, पण तुमच्या हाताखाली एकही माणूस नाही आणि नातेवाइकांत कोणाला सांगायचंही नाही. घ्याल? जे लगेच हो म्हणतात त्यांना खुर्ची नकोच असते, डोक्यावरचा माणूस नको असतो. माझा भाचा मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहे, टीम लीड व्हायचं म्हणून दोन वर्षं धडपडून राह्यला होता, त्याला हे विचारलं तर म्हणे मामा, मले लीड नाही व्हायचं, फक्त मले माझं काम करू द्या, मॅनेजरचं दिवसातून चारदा "कुठपर्यंत आलं" नको.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. योरिस लामर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मधे नऊ अभ्यास छापले, युरोप, अमेरिका आणि भारतातले, आणि त्यात दिसलं का लोकांना सत्ता हवीशी वाटते ती दुसऱ्याच्या कचाट्यातून सुटायसाठी, दुसऱ्यावर वजन पाडायसाठी नाही. स्वतःपुरती मोकळीक मिळाली का सत्तेची भूक शमते, नुसतं दुसऱ्यांवर वजन मिळाल्यानं शमत नाही. हे वाचून मला माझं कोडं सुटलं. कूलर तर मिळाला होता, मग भूक काहून नाही गेली? कारण अध्यक्ष झाल्यापासून सकाळी ६ ला फोन, मोटार लावा, टाकी वाहून राह्यली, लिफ्ट अडकली, वॉचमन आला नाही. होती तेवढी मोकळीकही गेली, आणि ती जशी कमी होत गेली तशा माझ्या नोटिसा वाढत गेल्या.

म्हणून मोकळीकच पाह्यजे असेल तर सरळ मोकळीकच मागा, आणि छोटी मागा. बॉसला "मला स्वातंत्र्य द्या" म्हटलं तर तो हसते. "शुक्रवारी ५ वाजता पूर्ण रिपोर्ट देतो, मधे रोज विचारू नका, उशीर झाला तर पुढच्या आठवड्यापासून रोज विचारा" असं म्हटलं तर बहुतेक जण मानतात, भाच्याच्या मॅनेजरनं मानलं, आणि त्यानं लीडचा फॉर्म भरलाच नाही. मागायच्या आधी आपलं पाणी कोणाच्या अंगावर पडते तेही पहा. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या अ‍ॅक्टिवावर खरंच पाणी पडायचं, कमिटी त्या बाबतीत खोटी नव्हती. कूलरखाली एक ट्रे आणि त्याला पाइप, इतक्यात भागलं असतं, निवडणूक लढायची गरजच नव्हती.

घरात हे सगळ्यात कठीण आहे, तिथं मी पण अजून कच्चाच आहे. पोरगी पुण्याला नोकरीला गेली तर मी म्हटलं लोकेशन चालू ठेव. मी स्वतः बावीसाव्या वर्षी बापाच्या प्रश्नांना कंटाळून घर सोडलेला माणूस! एक आठवडा लोकेशन पाहायचं नाही असं ठरवलं, तीन दिवस टिकलो. तुम्ही करून पहा.

आणि आधीच खुर्चीत बसले असाल तर दोन गोष्टी करा. कोणतीही नोटीस काढली तर ती पहिले तुमच्या दाराला लागू, आणि खाली तारीख, या तारखेनंतर रद्द. माझ्या अर्ध्या नोटिसा इथंच मेल्या कारण माझाच रॅक बाहेर होता. दुसरं म्हणजे किल्ल्या वाटून टाका. मोटारची किल्ली आता मजल्यानुसार फिरते, एकेक महिना, आणि सकाळी ६ चा फोन आता तिसऱ्या मजल्यावर जाते.

कूलर अजून चालू आहे. पाइप खाली काकूंच्या गोडनिंबाच्या ड्रममधे सोडलाय, आता कूलर बंद दिसला का त्याच खालून आवाज देतात, भाऊ, झाड वाळून राह्यलं, कूलर लावा ना.