वक्त्याचा परिचय वाचण्याआधी

विश्रामबागेतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्याख्यान असतं. शाल-नारळाचं अध्यक्ष बघतात, वक्त्याचा परिचय माझ्याकडं. 31 वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिले, त्यामुळं कागदावर असेल तसं वाचायची सवय. ती एकदा अंगाशी आली. 'प्रख्यात गुंतवणूक तज्ज्ञ' असा परिचय मी खणखणीत आवाजात वाचला. त्या गृहस्थांनी चहाच्या वेळी आमच्यातल्या एका काकूंना "म्युच्युअल फंडासारखंच आहे" म्हणत दोन लाखांचं काहीतरी गळ्यात मारलं. पुढच्या वर्षी दुसरा हप्ता मागायला फोन आला तेव्हा कळलं, ही विमा पॉलिसी आणि पाच वर्षं पैसे अडकलेले. काकू मला एवढंच म्हणाल्या, "तज्ज्ञ म्हणून तुम्हीच सांगितलंत की."

तेव्हापासून परिचय आला की मी आधी नोंदणीचा नंबर मागते.

नंबराची सुरुवात एआरएननं होत असेल, तर तो माणूस म्युच्युअल फंडाचा वितरक. हा नंबर 'अ‍ॅम्फी' ही फंड कंपन्यांची संघटना देते. त्यासाठी एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची 'पाच-अ' परीक्षा असते. 100 मार्कांच्या पेपरात 50 मिळाले की पास. म्हणजे विकायचा परवाना आहे, एवढंच सिद्ध होतं. त्याला कमिशन फंड कंपनी देते, तेही आपण 'रेग्युलर' प्लॅनमध्ये राहू तोवर. ते निघतं योजनेच्या खर्चातून, म्हणजे फिरून आपल्याच खिशातून. (1 जानेवारी 2013 पासून बिनकमिशनचा 'डायरेक्ट' प्लॅन आहे. आमच्या संघात निम्म्या लोकांना तो माहीत नव्हता.) यात चोरी काही नाही, धंदा आहे. फक्त परिचयात तसं म्हणावं.

नंबर आयएनएनं सुरू होत असेल, तर तो सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदलेला सल्लागार. 2013 च्या नियमांखाली ही नोंदणी होते, परीक्षा दोन आणि जास्त कठीण. तो फी आपल्याकडून घेतो. त्याच गिऱ्हाइकाकडून फी आणि वर कंपनीचं कमिशन, असं चालत नाही. आयएनएच असेल तर संशोधन विश्लेषक, म्हणजे शेअरांचा अभ्यास करून मत देणारा. फक्त एआरएन असलेल्यानं स्वतःला 'सल्लागार' म्हणवून घ्यायचं नाही, असा नियम आहे. तरी व्हिजिटिंग कार्डावर हमखास तोच शब्द असतो. मी तो खोडते आणि 'वितरक' लिहिते.

नंबर मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. एआरएन अ‍ॅम्फीच्या साइटवर टाकायचा, आयएनए सेबीच्या. तिथं तीन गोष्टी बघायच्या: नाव तेच आहे का, फोन तोच आहे का, मुदत कधीपर्यंत आहे. फोन महत्त्वाचा, कारण दुसऱ्याचा खरा नंबर स्वतःच्या नावाखाली चिकटवणारे टेलिग्रामवर पुष्कळ आहेत. एआरएनची मुदत तीन वर्षांची असते. गेल्या उन्हाळ्यात एका वक्त्यांना फोन केला.

"साहेब, एआरएन सांगता का?"

"अहो मॅडम, तुम्ही नुसतं तज्ज्ञ म्हणा की."

"म्हणते, पण नंबर द्या."

कार्डाचा फोटो आला. मुदत मार्चमध्येच संपलेली. त्यांच्या लक्षातच नव्हतं, असं ते म्हणाले आणि मला ते खरं वाटलं. तरी तारीख पुढं ढकलली.

सीए, एमबीए असल्या पदव्यांपुढं आमचे लोक फार लवकर मान तुकवतात. सीएला हिशेब आणि कर नक्की कळतो, पण पदवी म्हणजे सेबीची नोंदणी नव्हे.

फंडाचे पैसे कुठं गुंतवायचे हे ठरवणाऱ्या फंड मॅनेजरचा प्रश्न वेगळा. त्याची माहिती योजनेच्या माहितीपत्रकात असतेच: वय, शिक्षण, मागच्या दहा वर्षांचा अनुभव. ते पत्रक जाडजूड असतं, म्हणून कोणी उघडत नाही. मी फॅक्टशीटवर, म्हणजे योजनेच्या छोट्या माहितीपत्रावर, एकच ओळ शोधते, 'ही योजना कधीपासून सांभाळतात'. पाच वर्षांचा घसघशीत परतावा छापलेला आणि मॅनेजर येऊन आठ महिने झालेले, असं दिसलं तर ती कमाई आधीच्या माणसाची. आधीचा कुठं गेला, हे वक्त्याला विचारायचं.

'सेबीचे माजी अधिकारी' हे वाचताना माझाही आवाज आपोआप भारदस्त व्हायचा. आता कुठला विभाग आणि कुठली वर्षं, हे विचारते. सेबी 1988 ची, पण कायद्याचे अधिकार मिळाले 1992 ला. आधीची आणि नंतरची नोकरी एक नाही. शिवाय तिथं माणसं इकडून तिकडून येतात. चंद्रशेखर भावे आपल्याच महाराष्ट्र केडरचे आयएएस. आधी सेबीत, मग शेअर डिमॅट स्वरूपात सांभाळणाऱ्या एनएसडीएलचे प्रमुख, मग 2008 ला सेबीचे अध्यक्ष. त्यांच्यानंतर आलेले यू. के. सिन्हाही आयएएस, पण ते थेट यूटीआयच्या फंड कंपनीच्या प्रमुखपदावरून आले. 2022 ला आलेल्या माधबी पुरी बुच, पहिल्या महिला अध्यक्ष, त्यांची सुरुवात आयसीआयसीआयमधली. यात वावगं काही नाही, पण माणूस कुठल्या खुर्चीवरून उठून आला हे माहीत असलं की त्याचं बोलणं नीट ऐकता येतं. गुंतवणूकदारांच्या वतीनं फंडावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रस्टींपैकी दोन तृतीयांश स्वतंत्र असावे लागतात तेही याचसाठी. कोणी स्वतःला ट्रस्टी म्हणवत असेल, तर स्वतंत्र की प्रवर्तकाकडचे (म्हणजे फंड सुरू करणाऱ्या कंपनीचे), हे विचारून घ्यायचं.

ते मार्चवाले साहेब नूतनीकरण करून सप्टेंबरात आले. मी वाचलं, "हे म्युच्युअल फंडाचे वितरक आहेत, आणि त्यांना फंड कंपनीकडून कमिशन मिळतं." हॉल एकदम गप्प. साहेब आधी जरा चपापले, मग हसले. त्यांनी माइक हातात घेतला नाही तोच पुढच्या रांगेतून त्याच काकूंनी हात वर केला, "किती टक्के?"